पोलिश पदके वजनावर विकू नका, गोष्टीवर विकत घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मिरजेहून कोल्हापूरला जाणारी पॅसेंजर रुकडी सोडली की वळिवड्याला थांबते. १९४३ ते १९४८ या वर्षांत या स्थानकालगत सैबेरियाच्या हद्दपारीतून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना सगळे तिथेच होते. छातीच्या आजाराचे रुग्ण सातारा जिल्ह्यात पाचगणीला हवापालटासाठी ठेवले जात. हा इतिहास गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांतून पुष्कळ आला आणि त्याबरोबर आपल्या भागात पोलंडची जुनी सन्मानचिन्हे आणि पदके जमवण्याची हौसही वाढली. हौस चांगलीच आहे, पण माहिती नसेल तर दोन्हीकडून घात होतो. पेटीत निघालेला काळवंडलेला क्रॉस कुणी चिंचेने घासून चांदीच्या भावात मोडतो, आणि कुणी परवा ओतलेला जस्ताचा तुकडा ‘वळिवड्याच्या मडमेने दिलेला’ एवढ्या गोष्टीवर भरमसाट पैसे मोजून घरी आणतो. म्हणून हे पत्र.

पदके मोडीत घालण्याबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण ते नुकसान भरून येत नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्या, कारागिरांनी देशभर नाव काढले आहे, आणि आपल्याकडे जुनी चांदी म्हणजे थेट मुशीत जाणारी वस्तू. पण पदकातून निघणारी चांदी असते काही ग्रॅम. त्याच्या पाठीवर ठोकलेला क्रमांक एखाद्या माणसापर्यंत, त्याच्या पलटणीपर्यंत नेऊ शकतो. मुशीत गेल्यावर तो धागा कायमचा तुटतो. तेव्हा सराफ कट्ट्यावर जाण्याआधी पदकाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढावेत. समोरून फ्लॅश मारला की झिजलेले आकडे नाहीसे होतात. खिडकीचा उजेड एका बाजूने येऊ दिला तर तेच आकडे सावलीमुळे उठून दिसतात.

आपल्याकडच्या सैनिकी घरांसाठी एक वेगळी सूचना आहे. इटलीच्या मोहिमेत मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी आणि जनरल आन्देर्स यांची दुसरी पोलिश कोअर ब्रिटिशांच्या एकाच आठव्या आर्मीत लढल्या. मे १९४४ मध्ये पोलिश सैनिक माँटे कॅसिनोचा डोंगर चढत होते तेव्हा आठवी भारतीय डिव्हिजन खाली गारी नदी ओलांडत होती, आणि १/५ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, याच डिव्हिजनमध्ये होती. ब्रिटिश हुकमतीखाली लढलेल्या पोलिश सैनिकांनाही १९३९–४५ स्टार, इटली स्टार, वॉर मेडल ही ब्रिटिश पदके मिळाली. त्यामुळे पोलिश संच म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ही पदके सर्रास असतात. ओळखायची खूण सोपी आहे. पोलिश आणि ब्रिटिश सैनिकांना दिलेले हे स्टार कोरे असत, तर भारतीय सैन्याने वाटलेल्या स्टारच्या पाठीवर आणि वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असे. आजोबांचा इटली स्टार निघाला तर आधी पाठ वाचा. त्यावर घरातल्या माणसाचे नाव असेल तर ती वस्तू बाजारात नेण्याची नाही.

आता खुद्द पोलिश पदकांकडे येऊ. पहिली नजर गरुडाच्या डोक्यावर टाकायची. पोलंडच्या पांढऱ्या गरुडाला मुकुट असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आलेल्या साम्यवादी राजवटीने तो काढला आणि १९९० मध्ये तो परत आला. म्हणजे बिनमुकुटाचा गरुड दिसला की पदक १९४३-४४ ते १९८९ या काळातले, एवढे लगेच ठरते. मुकुट असेल तर मात्र ही खूण फसवते, आणि नवशिके बहुतेक इथेच अडकतात. ‘पोलोनिया रेस्तितुता’ म्हणजे पुनरुत्थित पोलंडचा सन्मान, स्थापना ४ फेब्रुवारी १९२१, वर्ग पाच. पांढऱ्या मिन्याचा, म्हणजे धातूवर भाजून बसवलेल्या रंगीत काचेचा, आठ टोकांचा क्रॉस, मधोमध लाल गोलात पांढरा गरुड, त्याभोवती निळ्या कड्यात लॅटिन नाव, लाल रिबिनीवर कडेजवळ एकेक पांढरी रेघ. पालथा केला की मधल्या लाल गोलात फक्त एक साल असते. स्वतंत्र पोलंडच्या क्रॉसवर १९१८, साम्यवादी काळातल्या क्रॉसवर १९४४. आता विचार करा: मुकुटधारी गरुड आणि १९१८ असा क्रॉस युद्धापूर्वीचा असू शकतो, लंडनमधल्या निर्वासित सरकारने दिलेला असू शकतो, आणि सन्मानांविषयीच्या १९९२ च्या पोलिश कायद्यानंतरचा नवाकोराही असू शकतो. तिघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. विक्रेता १९१८ दाखवून ‘शंभर वर्षांपूर्वीचे’ म्हणाला तर त्याने साल कशाचे ते सांगितलेच नाही. ते स्वातंत्र्याचे साल आहे, क्रॉस घडवल्याचे नव्हे.

नागरी सेवेसाठीच्या ‘क्रॉस ऑफ मेरिट’ची अशीच गत आहे. स्थापना २३ जून १९२३; सोन्याचा, रुप्याचा आणि काशाचा असे तीन दर्जे. ही दर्जांची नावे आहेत, ‘सोन्याचा’ म्हणजे सोनेरी मुलामा असे समजावे. मधल्या गोलात लॅटिन लिपीतली आर आणि पी ही दोन अक्षरे असली तर ते प्रजासत्ताक. १९५२ पासून साम्यवादी राज्याच्या नव्या नावाप्रमाणे पी-आर-एल ही तीन अक्षरे आली आणि १९९२ नंतर पुन्हा आर-पी. १९४४ ते १९५२ या वर्षांतही आर-पी होतेच. म्हणून दोन अक्षरे पाहून ‘युद्धापूर्वीचा’ असा निकाल देऊ नये. युद्धापूर्वीच्या तुकड्याच्या पाठीवर बहुधा कारखान्याचे नाव असते, उदाहरणार्थ वॉर्सातल्या गोन्टार्चिक यांचे. मिना आणि घडाईही सांगते. भिंगाखाली जुन्या काचमिन्यात बारीक बुडबुडे आणि कडेला किंचित उतार दिसतो. अलीकडचे नकली तुकडे रंगीत रेझिनचे असतात. ते सपाट, प्लास्टिकसारखे चमकतात आणि सुईचे टोक हलकेच टेकवले तर किंचित दबतात. ही सुईची चाचणी विक्रेत्याच्या परवानगीनेच आणि कडेच्या कोपऱ्यातच करावी. खऱ्या मिन्यावर जोर दिला तर टवका उडतो आणि तो पुन्हा भरता येत नाही.

‘व्हिर्तुती मिलितारी’ हा पोलंडचा सर्वोच्च रणसन्मान. रशियन सैन्याविरुद्धच्या झेलेन्त्सेच्या लढाईतल्या विजयानंतर २२ जून १७९२ रोजी राजा स्तानिस्वाव ऑगस्ट पोन्यातोव्स्की याने तो सुरू केला. पहिल्या मानकऱ्यांत पोलंडचे राष्ट्रीय वीर ताडेउश कोशचुश्को होते. पोलंड नकाशावरून पुसले गेले, उठाव मोडले गेले. १८३१ नंतर झारने हे चिन्ह पोलिश उठाव चिरडणाऱ्या आपल्याच सैनिकांना वाटले, ही त्यातली सगळ्यात कडवट गोष्ट. १७०५ मध्ये सुरू झालेला पांढऱ्या गरुडाचा सन्मानही त्याने रशियन साम्राज्याच्या सन्मानांत ओढून घेतला. म्हणून एकोणिसाव्या शतकातले ‘पोलिश’ चिन्ह समोर आले तर ते पोलंडचे की झारचे, हा पहिला प्रश्न. १ ऑगस्ट १९१९ रोजी स्वतंत्र पोलंडच्या संसदेने व्हिर्तुती मिलितारी पुन्हा सुरू केला. याचेही पाच वर्ग. संग्राहकाच्या हाती येण्याची शक्यता आहे ती पाचव्याची, रुपेरी क्रॉसची. चार भुजांवर नाव तोडून बसवलेले असते: व्हिर, तुती, मिली, तारी. मध्ये गरुड आणि भोवती हिरव्या मिन्याची पानांची माळ. पाठीवर ‘मान आणि मायभूमी’ अशा अर्थाचे पोलिश शब्द आणि १७९२ साल. रिबीन निळी, दोन्ही कडांना काळी पट्टी.

युद्धापूर्वीच्या रुपेरी क्रॉसच्या पाठीवर क्रमांक ठोकलेला असतो, आणि नकली माल बनवणाऱ्यांचे खरे कसब इथे दिसते. साध्या क्रॉसवर नवा क्रमांक ठोकतात किंवा कमी मोलाचा क्रमांक घासून प्रसिद्ध माणसाचा घालतात. दहापट भिंग घ्या आणि आकड्यांच्या तळाशी बघा. एकेका आकड्याचा ठसा हातोडीने मारलेला असेल तर धातू दोन्ही बाजूंना किंचित उचलला जातो, आकडे थोडे वरखाली होतात, आणि खोलगटातला काळेपणा बाजूच्या पृष्ठभागासारखाच जुना असतो. लेझरने कोरलेले असतील तर तळाशी बारीक समांतर रेघा दिसतात. घासून बदललेला असेल तर त्या जागेवर बोट फिरवा. पृष्ठभाग बशीसारखा खोल लागतो आणि डिजिटल व्हर्नियरने जाडी मोजली तर मध्ये एक-दोन दशांश मिलिमीटर कमी भरते. ही एक चाचणी जरी हातात बसली तरी निम्मी फसवणूक टळते.

याच सन्मानाची आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. १९७४ मध्ये त्याचा सर्वोच्च वर्ग सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांना दिला गेला आणि १९९० मध्ये तो रद्द केला गेला. आताच्या पोलिश कायद्याप्रमाणे हा सन्मान युद्धातल्या कामगिरीसाठी आणि युद्ध संपल्यापासून ठरावीक वर्षांतच देता येतो. त्यामुळे मुकुटधारी नवा व्हिर्तुती मिलितारी ‘अलीकडेच कुणाला तरी मिळालेला’ म्हणून समोर आला तर ती प्रतिकृती समजावी. पोलंडमध्ये ऐतिहासिक देखावे करणाऱ्यांसाठी अशा प्रतिकृती उघडपणे विकल्या जातात आणि त्यात गैर काही नाही. काहींवर ‘कोपिया’ म्हणजे ‘नक्कल’ असा ठसाही असतो. तो ठसा घासून काढला की लबाडी सुरू होते.

‘क्रॉस ऑफ व्हॅलर’ हा ११ ऑगस्ट १९२० रोजी, बोल्शेविक फौजा वॉर्साच्या दाराशी आल्या असताना सुरू झालेला काशाचा क्रॉस. पुढे ‘कीर्तीच्या रणांगणावर’ या अर्थाचे शब्द आणि साल, मागे तलवारीभोवती पानांची वेल आणि ‘शूरांना’ हा शब्द. एकाच माणसाला चार वेळा मिळू शकत असे. दुसऱ्यांदा मिळाले की दुसरा क्रॉस न देता रिबिनीवर धातूची पट्टी चढे. म्हणून तीन पट्ट्यांपेक्षा जास्त पट्ट्या लावलेला क्रॉस दिसला तर हात मागे घ्यावा. समोर १९२०, १९४०, १९४३ किंवा १९४४ ही साले येतात. १९४३ आणि १९४४ ची पूर्वेकडून, सोव्हिएत बाजूने लढलेल्या पोलिश सैन्याची. गरुडाचा मुकुट आणि साल यांचा मेळ बसतो का, हे दहा सेकंदांत कळते. मुकुटधारी गरुड आणि १९४४ असा तुकडा दिसला तर तिथेच थांबावे.

नवशिक्याला आमच्या मते सगळ्यात समाधान देणारा तुकडा म्हणजे माँटे कॅसिनोचा स्मृतिक्रॉस. पोलिश सरसेनापती जनरल सोस्नकोव्स्की यांनी जुलै १९४४ मध्ये तो सुरू केला. त्या वेळच्या पॅलेस्टाइनमध्ये सुमारे पन्नास हजार नग घडवले गेले. काशाचा साधा क्रॉस, मध्ये ठिकाणाचे नाव आणि ‘मे १९४४’. पाठीवर क्रमांक. हे क्रमांक पलटणीपलटणींना लागोपाठच्या गठ्ठ्यांनी वाटले गेले, म्हणून नुसत्या क्रमांकावरून कोणत्या तुकडीतला सैनिक ते काढता येते. याबरोबर छोटे ओळखपुस्तक मिळत असे, पोलिशमध्ये त्याला ‘लेगिटिमात्स्या’ म्हणतात. क्रॉस आणि पुस्तक यांवरचा क्रमांक एकच असेल तर संच पुरा. क्रॉस एकाचा आणि पुस्तक दुसऱ्याचे असे जोडून विकण्याची चाल फार जुनी आहे. पुस्तक वाचताना एवढे ध्यानात ठेवा: तारखेतला महिना पुष्कळदा रोमन आकड्यात असतो, आडनाव आधी आणि नाव नंतर येऊ शकते, आणि एल अक्षरावर तिरपी रेघ असेल तर तो वेगळा वर्ण आहे. ती रेघ गाळून नाव शोधले तर याद्यांमध्ये माणूस सापडत नाही. याच क्रॉसच्या पाठीवर क्रमांकच नसेल तर तो वाटपात गेलेला नाही किंवा प्रतिकृती आहे.

कमी पैशात हात बसवायचा असेल तर १९२८ मधली दोन पदके घ्यावीत. स्वातंत्र्याच्या दशकपूर्तीच्या पदकावर स्वतंत्र पोलंडचे नेते पिउसुद्स्की यांचा चेहरा आहे, आणि १९१८–२१ च्या युद्धाच्या पदकावर मागे ‘पोलंडकडून आपल्या रक्षकास’ असे शब्द. दोन्ही काशाची, विपुल वाटलेली. खरे नग पुष्कळ असल्याने ती सहज मिळतात आणि त्यांवर ठशाची घडण कशी दिसते हे डोळ्याला शिकवता येते. साम्यवादी काळातली दहा, तीस आणि चाळीस वर्षांची वर्धापनपदकेही स्वस्त आहेत. आम्हाला स्वतःला त्यात सगळ्यात गोड वाटते ते १९६० मध्ये सुरू झालेले दीर्घ वैवाहिक जीवनाचे पदक. लग्नाला पन्नास वर्षे झालेल्या जोडप्याला राज्यातर्फे हे पदक मिळते, त्यावर दोन गुलाब एकमेकांत गुंफलेले. आजही ते दिले जाते. नवरा-बायको दोघांची दोन पदके एकत्र मिळाली तर ती कधीही वेगळी करू नयेत.

आता तपासणीची हत्यारे. दहापट भिंग, शतांश ग्रॅम दाखवणारा काटा, डिजिटल व्हर्नियर, छोटे निओडिमियम चुंबक आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च, एवढ्यावर काम भागते. चुंबकाला चिकटले तर लोखंड किंवा निकेल आहे. चांदी, पितळ, कासे चिकटत नाही. रिबिनीवर टॉर्च मारली आणि ती निळसर पांढरी लखलखली तर धाग्यात आधुनिक चमकद्रव्य आहे. पण थांबा: जुनी सुती रिबीन आजच्या धुण्याच्या पावडरीत बुचकळली असेल तरी ती तशीच चमकते. आणि रिबीन नवी म्हणजे पदक नकली असेही नाही, कारण वापरात रिबिनी झिजत आणि बदलल्या जात. रिबिनीवर पदकाचा निकाल लावू नये.

ओतीव नक्कल ओळखण्यासाठी माप घ्यावे. खऱ्या पदकावरून साचा करून धातू ओतला की थंड होताना तो आक्रसतो. नक्कल खऱ्यापेक्षा शेकडा एक-दोनने लहान भरते. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, सपाट जागेवर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे राहतात आणि कडेवर जोडाची रेघ किंवा कानशीचे ओरखडे दिसतात. ठशाने छापलेल्या पदकात अक्षराची भिंत उभी आणि तळ स्वच्छ असतो.

चांदीची खात्री करायला सराफ कसोटीचा दगड पुढे करतो. कृपा करून पदक दगडावर घासू देऊ नका. कडेवरची ती एक रेघ किंमत पाडते. त्याऐवजी घनता काढावी. बिनमिन्याचे, बिनरिबिनीचे पदक हवेत तोलायचे, मग धाग्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचे; भांड्याच्या तळाला किंवा भिंतीला टेकू द्यायचे नाही, बुडबुडे झटकायचे. हवेत २०.०० ग्रॅम आणि पाण्यात १८.०५ भरले तर घट १.९५, वीसला १.९५ ने भागले की १०.२६ येते, म्हणजे चांदी मिश्रधातूत जमा. शुद्ध चांदीची घनता १०.४९. पितळ आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या आसपास येतात, जस्ताची ओतीव नक्कल सातच्या आसपास. मिना असलेल्या क्रॉसला ही रीत चालत नाही, कारण काच हलकी असते आणि आकडा खाली ओढते. शिवाय तडा गेलेल्या मिन्याखाली पाणी शिरले तर आतून गंज धरतो. टंच काढायचे मशीन काहीही न खरवडता धातू सांगते, तेवढ्यासाठी ते चांगले. पण ते वरचा अगदी पातळ थरच वाचते. मुलामा दिलेल्या पितळेवर सोने दाखवले म्हणून पदक सोन्याचे होत नाही.

साफसफाईबद्दल आमचे सांगणे एकच आणि ठाम आहे: काळेपणा काढू नका. चांदीवरचा काळा थर हा गंधकाशी संयोग झालेला चांदीचाच थर. तो घासला की चांदीही जाते, आणि मूळ कारखान्याने मुद्दाम काळवलेली खोलगट जागाही उघडी पडते. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, सगळे वर्ज्य. रांगोळीने घासलेला क्रॉस भिंगाखाली पाहिला तर गरुडाची पिसे गुळगुळीत झालेली दिसतात. गरम पाण्यात उकळणे तर फारच वाईट. धातू आणि काच वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि मिना तडकतो. धूळ मऊ ब्रशने झाडावी, हात लावायचा तर कडेने आणि सुती हातमोजे घालून. काशावर हिरवा जंग भुकटीसारखा सुटत असेल तर तो पसरतो. ते पदक बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळे ठेवावे.

ठेवण्याची जागा घरोघरी चुकते. नाण्यांसाठी मिळणाऱ्या मऊ पीव्हीसी पिशव्या काही वर्षांत आम्ल सोडतात आणि पदकावर हिरवट चिकट थर धरतो. पॉलिएस्टरच्या कडक पारदर्शक पाकिटात किंवा आम्लरहित कागदात ठेवावे. रबरबँड आणि लोकरी कापड यांतून गंधक सुटतो. डांबरगोळ्या त्याच डब्यात टाकू नयेत. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि पावसाळ्यात महिन्याला ती बदलावी किंवा तापवून कोरडी करावी. सांगलीकरांना २०१९ आणि २०२१ चा पूर सांगायला नको. आयर्विन पुलाकडची पातळी चढू लागली की कागदपत्रांबरोबर पदकेही वर न्यायची वस्तू समजावी, आणि त्यासाठी सगळा संग्रह एका झाकणाच्या डब्यात मावेल असाच ठेवावा. गाळात भिजलेच तर गाळ वाळू देऊ नये. शुद्ध केलेल्या पाण्यात, बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर चालते, अलगद हलवून गाळ सोडवावा, टिपकागदावर ठेवून सावलीत पंख्याखाली वाळवावे. उन्हात ठेवले तर रिबिनीचा रंग उडतो. भिजलेले ओळखपुस्तक उघडण्याची घाई करू नये. पाने चिकटलेली असतील तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावे आणि कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराकडे न्यावे.

परदेशातून मागवताना लिलावातल्या हातोड्याच्या किमतीवर लिलावगृहाचे कमिशन पडते, अनेकदा शेकडा पंधरा ते पंचवीस, त्यावर टपाल आणि इथले सीमाशुल्क. हे सगळे धरून आपली मर्यादा आधी कागदावर लिहावी. पार्सलवर ‘भेटवस्तू’ म्हणून खोटी किंमत लिहायला विक्रेत्याला सांगू नये. पार्सल अडकले की खरी पावती दाखवता येत नाही आणि हरवले तर विमाही मिळत नाही. सांस्कृतिक वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर पोलंडमध्ये वय आणि किंमत यांनुसार निर्बंध आहेत. परवाना लागतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. आपल्याकडेही १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. १९२० मध्ये घडवलेला क्रॉस ती केव्हाच ओलांडून गेला. आपल्या घरातली अशी वस्तू परदेशी ग्राहकाला कुरियर करण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून लेखी खुलासा घ्यावा.

राहिले वळिवडे. तिथे राहणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते; लढण्याजोगे पुरुष आन्देर्स यांच्या सैन्याबरोबर गेले होते. म्हणून ‘वळिवड्यात सापडलेला व्हिर्तुती मिलितारी’ असे कुणी म्हणाले तर कागद मागावा: कुणाला, कोणत्या क्रमांकाने, कधी. पती किंवा मुलगा पडल्यावर त्याचे पदक घरच्यांकडे येणे अशक्य नाही, पण ते कागदाशिवाय मानू नये. तिथली म्हणून खरोखर मिळण्याची जास्त शक्यता आहे ती साध्या वस्तूंची. वसाहतीत स्काउट चळवळ जोरात होती. पोलिश स्काउटचा छोटा क्रॉस, आडव्या भुजांवर ‘जागा राहा’ या अर्थाचा शब्द आणि भोवती पानांची माळ, पाठीवर क्रमांक. किंवा पोलंडमधल्या चेन्स्तोहोवा या तीर्थक्षेत्रातल्या काळ्या मारियेचे (येशूच्या आईचे) ॲल्युमिनियमचे पातळ लॉकेट. ही राज्याची पदके नाहीत आणि राज्यपदक म्हणून विकली जाऊ नयेत. पण गांधीनगर (वळिवड्याच्या वसाहतीच्या जागेवरचे आजचे गाव) किंवा पाचगणीच्या एखाद्या जुन्या घरात असे लॉकेट निघाले तर आमच्या लेखी ते विकत घेतलेल्या क्रॉसपेक्षा मोलाचे, कारण ते इथे राहिलेल्या माणसाच्या गळ्यातले आहे. सैबेरियात हद्दपार झालेल्या अशाच लोकांसाठी पोलंडने २००३ मध्ये सायबेरियन निर्वासितांचा क्रॉस सुरू केला. वळिवड्यात वाढलेली मुले तो मिळण्यास पात्र होती, तोवर ती सत्तरीकडे झुकली होती.

तेव्हा आपल्या दैनिकामार्फत सांगली आणि सातारा जिल्ह्यांतल्या संग्रहालयांना विनंती की परदेशी पदकांसाठी एक वेगळी नोंदवही ठेवावी. वस्तू दान घेण्याची गरज नाही. घरमालकाने आणावी, संग्रहालयाने दोन्ही बाजू आणि कड यांचे फोटो काढावेत, वजन, व्यास, क्रमांक आणि ‘कुणाकडून, केव्हा, कोणत्या गावात मिळाले’ हे घरच्यांच्या शब्दांत लिहून घ्यावे, वस्तू परत द्यावी. पाचगणीत हे काम आधी सुरू व्हावे, कारण तिथल्या जुन्या घरांत ज्यांना पोलिश रुग्ण आठवतात अशी माणसे आता मोजकीच उरली असतील.

आपला विश्वासू,
एक पदकसंग्राहक,
विश्रामबाग, सांगली